तोंडी ठरलेला भाव

लखनौच्या हजरतगंजात एखादा गृहस्थ मोटार पाहावयास जातो. विक्रेता किंमत सांगतो, गृहस्थ ती मान्य करून बयाणा देतो. महिन्याने गाडी न्यावयास गेल्यावर तोच विक्रेता चाळीस हजार रुपये अधिक मागतो आणि विचारतो, "लेखी कोठे आहे?" बहुतेक ग्राहक येथेच नमते घेतात. वस्तुतः हा प्रश्न वाटतो तितका बिनतोड नाही.

1872 चा करार कायदा आणि 1930 चा मालविक्री कायदा, दोहोंनाही तोंडी सौदा मान्य आहे. याचे बोलके उदाहरण वऱ्हाडातले आहे. 1959 साली अहमदाबादेच्या एका पेढीने खामगावच्या तेलगिरणीशी टेलिफोनवरून सरकीच्या पेंडीचा सौदा केला. पेंड आली नाही म्हणून पेढीने दावा लावला. 1965 मध्ये सर्वोच्च न्यायालयात वाद चालला तो सौदा तोंडी होता म्हणून नव्हे, तर तो झाला कोठे, अहमदाबादेस की खामगावास, यासाठी! स्वीकाराचे शब्द जेथे ऐकू आले तेथे, म्हणजे अहमदाबादेस, असा बहुमताचा निर्णय झाला. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांचे मत मात्र निराळे पडले.

ग्राहकाला आता स्थळाची ही अडचण फारशी उरलेली नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने त्याला आपल्या राहत्या जिल्ह्याच्या आयोगाकडे, कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत, जाता येते. मनस्तापाची भरपाईही मागता येते. 1993 मध्ये लखनौ विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सरकारी यंत्रणेलाही त्यातून सूट दिली नाही.

खरी मेख निराळीच आहे. बयाणा घेताना विक्रेता एक छापील मागणीपत्र पुढे करतो आणि ग्राहक ते न वाचताच सही करतो. त्यात बारीक अक्षरांत 'गाडी देण्याच्या दिवशीचा भाव लागू' असे असले, तर तोंडी बोलणे लंगडे पडते. करार एकदा कागदावर उतरला की त्यातील शर्तींना छेद देणारी तोंडी साक्ष सामान्यतः चालत नाही. 1872 च्या पुराव्याच्या कायद्यातील हे तत्त्व 2023 च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कायम आहे.

म्हणून ठरलेला आकडा मागणीपत्रावरच लिहवून घ्यावा. विक्रेता टाळाटाळ करू लागला, तर सही थांबवावी. सौदा केवळ तोंडी राहिला असल्यास त्याच दिवशी 'आज अमुक किंमत ठरली' असे पत्र धाडून पोच जपावी. बयाण्याच्या पावतीवर बहुधा बयाण्याचीच रक्कम असते, गाडीची किंमत नसते. ती दुकानातून बाहेर पडण्यापूर्वीच पाहिलेली बरी.