तुकोबांच्या सेतूवरून

आषाढी एकादशी जवळ आली की देहू आणि आळंदी ही दोन नावे महाराष्ट्राच्या ओठी आपोआप येतात. ज्येष्ठ वद्य सप्तमीस देहूहून तुकोबांची आणि अष्टमीस आळंदीहून माउलींची पालखी प्रस्थान ठेवते. या दोन तीर्थांच्या मध्ये, इंद्रायणीच्या काठी, खेड तालुक्यातील निघोजे हे गाव वसलेले आहे. देहूच्या घाटास स्पर्शून आलेले पाणी निघोज्यावरून आळंदीस जाते, पुढे तुळापुरास भीमेस मिळते आणि तीच भीमा पंढरीस चंद्रभागा होते. निघोज्याच्या काठी सोडलेले तुळशीपत्र, दैवयोग असेल तर, विठ्ठलाच्या पायरीपर्यंत पोहोचावे अशी ही वाट आहे.

आज या गावाभोवती मोटारींचे कारखाने उभे राहिले आहेत. पोटामागे आलेली नाना जिल्ह्यांची आणि नाना धर्मांची माणसे येथे शेजारी झाली आहेत. वारकऱ्याच्या भिंतीस ख्रिस्ती बांधवाची भिंत लागलेली असावी, एकीकडे हरिपाठ आणि दुसरीकडे प्रार्थना चालावी, हे अशा वस्तीत नवल राहिलेले नाही. त्या दुसऱ्या भिंतीपलीकडील माणसाची श्रद्धा कशी वाढते, मन खचले असता त्यास धीर कोठून मिळतो, हा प्रश्न आम्हांस पडला. उत्तर शोधता शोधता आम्ही पुन्हा याच इंद्रायणीच्या काठी येऊन पोहोचलो. म्हणूनच एकादशीच्या या पानावर तो विषय मांडण्याचे धाडस आम्ही करीत आहोत.

मराठी ख्रिस्ती समाजाचे कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा जन्म 1861 साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. 1893 साली नागपूरकडून राजनांदगावास जात असता आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला. त्यातील पर्वतावरील प्रवचनापाशी टिळकांचे मन थबकले, आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. परंतु आपण ख्रिस्ताकडे कोणत्या वाटेने आलो हे सांगताना त्यांनी नाव घेतले ते आगगाडीतील प्रवाशाचे नव्हे, तर तुकोबांचे. तुकाराम हाच आपणांस ख्रिस्तापर्यंत आणणारा सेतू, असे ते म्हणत.

हा सेतू ओलांडताना मागे काय राहिले, हेही सांगितले पाहिजे. मागे राहिल्या पत्नी लक्ष्मीबाई आणि लहानगा मुलगा. पतीने धर्म सोडला म्हणजे त्या काळी पत्नीवर कोसळणारे आकाश कसे असेल, याची कल्पना आमच्या वाचकांस, विशेषतः भगिनींस, सहज येईल. नाशिकजवळील जलालपूरच्या ज्या घरात लक्ष्मीबाई वाढल्या, तेथे वडिलांचे सोवळे इतके कडक होते की बाजारातून आणलेले जिन्नसही धुतल्यावाचून घरात येत नसत. अशा घरातील लेकीने ताटातुटीची काही वर्षे नातलगांच्या आधाराने काढली. त्यांपैकी काही काळ तर त्या पंढरपुरातच होत्या. निघोज्यावरून वाहत आलेल्या त्याच पाण्यात त्या स्नान करीत होत्या, आणि मनातील दुःख विठोबावाचून दुसऱ्या कोणास सांगणार?

पुढे त्या पतीकडे परत गेल्या, पण धर्मांतर करून नव्हे. ख्रिस्ती पतीच्या सहवासात राहूनही त्यांनी आपले सोवळे सांभाळले, आणि टिळकांनीही ते मोडण्याची सक्ती केली नाही. आम्हांस या कथेतील खरे मर्म येथे दिसते. वादविवादाने लक्ष्मीबाई हलल्या नाहीत. जातिभेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःच स्वतःस विचारला आणि एके दिवशी मनाशी निर्णय केला, की यापुढे कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेईन. 1900 साली राहुरी येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. ज्या घरी मीठही धुऊन घेतले जाई, तेथील ही कन्या पुढे नगरच्या प्लेगच्या छावणीत रोग्यांची सेवा करू लागली. श्रद्धा वाढली याची याहून मोठी खूण ती कोणती?

टिळकांच्या वाटेवरही खचण्याचे प्रसंग होतेच. जुने आप्त दुरावले होते, आणि नव्या मंडळीतील उपासनेचा साज पुष्कळसा परदेशी होता. परक्या चालींवर बसवलेल्या गीतांनी मराठी मनाची तहान कशी भागावी? टिळक पुन्हा अभंगाकडे वळले. त्यांनी ख्रिस्तावर अभंग व भजने रचली आणि ख्रिस्ती कीर्तनास चालना दिली. त्यांच्याही पूर्वी, 1616 साली, फादर थॉमस स्टीफन्स यांनी गोमंतकात आपले ख्रिस्तपुराण मराठी ओवीतच छापले होते. जन्मभूमी सोडून आलेल्या त्या इंग्रज पाद्र्यासही ओवीच जवळची वाटली. 1917 साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडून संन्यस्त वृत्ती स्वीकारली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' या बंधुमंडळाची कल्पना मांडली. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्या दरबारात जागा होती. 9 मे 1919 रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांचे 'ख्रिस्तायन' हे ओवीबद्ध काव्य तेव्हा अवघे अकरा अध्याय होऊन थांबले होते. ते पुढे नेले लक्ष्मीबाईंनी. शाळेचे शिक्षण नाही, अक्षरओळख पतीकडून झालेली. तरी त्यांनी चौसष्ट अध्याय रचले. ज्या निर्णयाने एकेकाळी त्यांचा संसार मोडला होता, त्याच निर्णयातून जन्मलेले काव्य त्यांनी स्वतःच्या भक्तीने पुढे नेले. त्यांचे 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र तर मराठी वाङ्मयाचे भूषण ठरले.

वाचकहो, गाथा इंद्रायणीत बुडाली तेव्हा तुकोबा तेरा दिवस काठावर बसून राहिले, अशी आपली श्रद्धा आहे. धीर कोठून येतो, याचे आपल्या घरचे उत्तर ते हेच: देवापाशी धरणे धरून बसावे, संतांची संगत सोडू नये, आणि हातून सेवा घडत राहावी. टिळक दांपत्याच्या चरित्रातून ख्रिस्ती माणसाचे जे उत्तर मिळते, ते आम्हांस याहून फारसे निराळे दिसत नाही. देवाचे नाव निराळे, उपासनेचा ग्रंथ निराळा; हा भेद खोटा म्हणून पुसण्याची गरज नाही. धर्मांतराने घराघरांत जे दुःख झाले, तेही खोटे नाही. परंतु शेजाऱ्याची भक्ती वाढताना पाहून आपली भक्ती उणी होत नसते, हेही तितकेच खरे.

यंदा पालख्या प्रस्थान ठेवतील तेव्हा निघोज्याच्या कारखान्यांतून पाळ्या सुटतील, टाळांचा नाद कानी पडेल. त्या गर्दीत एखादा ख्रिस्ती कामगार वारकऱ्यास पाण्याचा तांब्या पुढे करील, तर वारकऱ्याने तो माउलींचे नाव घेऊन प्यावा. लक्ष्मीबाईंस ज्या निर्णयापर्यंत येण्यास वर्षे लागली, तो त्या एका घोटात सामावलेला असेल.