सकाळची गोळी आणि अर्धायुकालाचे गणित

किरणोत्सर्गाचा धडा शिकवताना मी वर्गात अर्धायुकालाची व्याख्या सांगतो. मुले ती पाठ करतात, उदाहरणेही बरोबर सोडवतात. पण हेच गणित आपल्या घरातल्या औषधांच्या डब्यातही लपलेले असते, हे माझ्या फार उशिरा ध्यानात आले. त्याला कारण झाली माझी थोरली बहीण.

ताईला काही वर्षांपूर्वी अवटु ग्रंथीचा, म्हणजे थायरॉईडचा विकार जडला. डॉक्टरांनी रोज एक गोळी घ्यायला सांगितली. तीन महिने झाले तरी थकवा जाईना आणि रक्ततपासणीतला आकडाही उतरेना. शेवटी ताईने स्वतःच एक तोड शोधली. ती म्हणाली, "अरे, सकाळची गोळी संध्याकाळपर्यंत पुरत नसणार. अर्धी सकाळी आणि अर्धी रात्री घेतली तर? तू एवढा फिजिक्सवाला, जरा गणित करून सांग!"

मी गणित केले. त्याचे उत्तर ताईच्या अपेक्षेपेक्षा निराळे निघाले. ते कसे, ते आपण पाहू.

ग्रंथी एक, संप्रेरके दोन

अवटु ग्रंथी आपल्या गळ्याच्या पुढच्या भागात असते. तिचा आकार पंख पसरलेल्या फुलपाखरासारखा असतो. शरीरातील चयापचयाचा वेग ठरवणारी संप्रेरके ती तयार करते. रेणूत आयोडीनचे चार अणू असलेले ते टी-४ अथवा थायरॉक्सिन, आणि तीन अणू असलेले ते टी-३. ग्रंथीतून बाहेर पडते ते मुख्यतः टी-४. पुढे यकृतासारख्या अवयवांत त्यातील आयोडीनचा एक अणू काढला जातो आणि टी-३ तयार होते. पेशींवर प्रत्यक्ष काम करते ते प्रामुख्याने हे टी-३. टी-४ हा जणू कोठारातला माल आहे.

१८९१ साली इंग्लंडमध्ये जॉर्ज मरे या डॉक्टरांनी मेंढीच्या अवटु ग्रंथीचा अर्क टोचून एका रुग्ण स्त्रीवर उपचार केले. त्यानंतर ती स्त्री २८ वर्षे जगली. अमेरिकेत एडवर्ड केंडॉल यांनी १९१४ च्या नाताळच्या दिवशी थायरॉक्सिनचे स्फटिक वेगळे केले. १९२७ साली हॅरिंग्टन आणि बार्जर यांनी ते प्रयोगशाळेत तयार केले. टी-३ चा शोध मात्र १९५२ साली ग्रॉस आणि पिट-रिव्हर्स यांनी लावला. आज ताईसारखे रुग्ण घेतात ती गोळी म्हणजे कृत्रिम रीतीने बनवलेले टी-४. त्याचे प्रमाण किती अल्प, पाहा! रोज १०० मायक्रोग्रॅम म्हटले तरी दहा वर्षांचे औषध अर्ध्या ग्रॅमपेक्षाही कमी भरते.

झिरपणारा रांजण

महादेवाच्या पिंडीवर टांगलेले अभिषेकपात्र तुम्ही पाहिले असेल. तळाच्या बारीक छिद्रातून पाणी थेंब थेंब गळते. पात्र भरलेले असताना गळती जोरात होते, पाणी खाली जाईल तशी ती मंदावते. शरीरातील औषधाचेही बरेचसे असेच असते. जितके औषध शिल्लक, त्याच्या ठरावीक हिश्शाइतके ते रोज नाहीसे होते. किरणोत्सर्गी अणूंचाही हाच नियम आहे.

रक्तातील टी-४ चा अर्धायुकाल सुमारे ७ दिवसांचा असतो. त्याचे ९९.९ टक्क्यांहून अधिक रेणू रक्तातील प्रथिनांना चिकटून असतात, म्हणून ते सावकाश खर्च होतात. सात दिवसांत निम्मे, तर एका दिवसात किती? २ चे सातवे मूळ काढून पाहा. एका दिवसानंतर ०.९०६ पट उरते, म्हणजे रोज सुमारे ९.४ टक्के खर्च होते.

समजा, रोज १०० मापे औषध रक्तात पोचते. साठा वाढत जाईल तसा रोजचा खर्चही वाढेल, आणि खर्च बरोबर १०० मापे झाला की वाढ थांबेल. त्या वेळी गोळीनंतर साठा १०६० मापे असेल आणि दुसऱ्या दिवशी गोळीपूर्वी ९६०. म्हणजे दिवसभरातला चढउतार जेमतेम दहा टक्के! गोळीचे दोन भाग करून बारा-बारा तासांनी घेतले, तर साठा १०३५ आणि ९८५ यांच्या दरम्यान राहील. सरासरी तीच. आधीच संथ असलेले पाणी आणखी थोडे संथ होईल, इतकेच.

टी-३ ची गोष्ट वेगळी. त्याचा अर्धायुकाल सुमारे एकच दिवस आहे. रोज एकदा १०० मापे दिली तर साठा २०० वर चढेल आणि दुसऱ्या सकाळी १०० वर उतरेल. चढ उतारापेक्षा दुप्पट! तेच दोन वेळा ५०-५० मापे दिली तर तो १७१ ते १२१ यांच्या दरम्यान राहील. खरे शरीर आपल्या हिशेबाइतके साधे नाही, पण दिशा हीच. म्हणूनच काही रुग्णांना टी-३ द्यावे लागते, तेव्हा डॉक्टर बहुधा ते विभागून देतात. रांजण दिवसातून एकदा भरला तरी चालतो, तांब्या मात्र पुनःपुन्हा भरावा लागतो.

मग चुकले कुठे?

गोळी अर्धी करून ताईला फायदा नव्हता, हे तर ठरले. मी तिला डॉक्टरांकडे घेऊन गेलो. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "गोळी कशी घेता?"

"चहाबरोबर," ताई म्हणाली, "आणि तिच्याबरोबरच हाडांसाठी दिलेली कॅल्शियमची गोळी. एकदम घेतल्या की विसरायला होत नाही."

गोम इथेच होती. रिकाम्या पोटी घेतली तरी या गोळीतील साधारण ६० ते ८० टक्केच औषध आतड्यातून रक्तात शोषले जाते. कॅल्शियम आणि लोह त्याला आतड्यातच अडकवून ठेवतात. अन्न, कॉफी, सोयाबीन यांनीही शोषण घटते. रांजणाची गळती वाढली नव्हती, तर घागरीतले पाणी रांजणाबाहेरच सांडत होते!

डॉक्टरांनी गोळीची मात्रा मुळीच वाढवली नाही. सकाळी उठल्यावर नुसत्या पाण्याबरोबर गोळी, चहा-नाश्ता त्यानंतर तासाभराने, आणि कॅल्शियम किमान चार तासांनी, एवढेच सांगितले. सकाळ ज्यांना सोयीची नाही, त्यांना डॉक्टर रात्री झोपतानाची वेळही देऊ शकतात. २०१० साली नेदरलँड्समधील एका अभ्यासात रात्रीच्या गोळीचा चांगला परिणाम दिसला होता. मात्र तेव्हाही पोट रिकामे हवे.

धीराचे गणित

दुसऱ्याच आठवड्यात ताई तपासणीला निघाली. डॉक्टरांनी तिला सहा आठवडे थांबवले. का? नव्या पातळीकडची वाटचाल एका आठवड्यात निम्मी होते, दोन आठवड्यांत तीन चतुर्थांश, आणि सहा आठवड्यांत ९८ टक्के. मेंदूच्या तळाशी असलेली पियूषिका ग्रंथी ही पातळी पाहून टीएसएच नावाचे संप्रेरक कमी-जास्त करते, आणि तपासणीत मोजतात ते मुख्यतः हेच. घाईने मोजले तर अर्ध्या वाटेवरचा आकडा हाती येतो, आणि त्यावरून मात्रा बदलली तर चूक होते. सहा आठवड्यांनी ताईचा आकडा जागेवर आला.

या गणिताची दुसरी बाजू मात्र फसवी आहे. एखाद्याने गोळी बंद केली तरी आठवड्यानंतर निम्मा साठा शिल्लक असतो. त्याला वाटते, "गोळीवाचून काही अडत नाही की!" रांजण रिता होत असतो, पण ते कळायला कित्येक आठवडे लागतात. तोवर थकवा, सुस्ती, थंडी सहन न होणे हे सारे हळूहळू परत येते. उलट, मनानेच जास्त गोळ्या घेतल्या तर हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात, हाडे ठिसूळ होऊ शकतात.

आता वही घ्या. शून्यापासून सुरुवात करा. रोज १०० मिळवा आणि दुसऱ्या दिवशी बेरजेला ०.९०६ ने गुणा. पन्नास दिवसांचा आलेख काढा. मग मध्येच एका दिवसाची गोळी चुकवून पाहा, किती फरक पडतो ते. आणि तुमच्या घरी आई, आजी किंवा मावशी ही गोळी घेत असेल, तर तो आलेख तिला दाखवून एवढेच विचारा, "गोळी कशाबरोबर घेतेस?" उत्तर चहा किंवा कॅल्शियम असे आले, तर तिला डॉक्टरांना विचारायला सांगा. मात्रा ठरवणे हे त्यांचे काम, पण योग्य प्रश्न विचारणे आपल्यालाही जमते.