घर, बंदूक आणि बचावाचा हक्क

गेल्या पावसाळ्यात तास संपल्यावर एक विद्यार्थी मागे थांबला. वाकडला चुलत्याच्या खोलीवर राहतो, चाकणच्या एका कारखान्यात कंत्राटावर रात्रपाळी करतो आणि सकाळी वर्गात डोळे चोळत बसतो. गाव मराठवाड्यातले. तिथे गायरानाच्या पट्ट्यावरून वस्तीला रात्री-अपरात्री धमक्या येत होत्या. त्याने विचारले, "सर, एक जण गावठी कट्टा द्यायला तयार आहे. घरात ठेवला आणि कुणी दार फोडून आत आलं, तर गोळी घालता येते ना?"

मला त्या दिवशी धड उत्तर देता आले नाही. मी इतिहास शिकवतो, कायदा नव्हे. शिवाय आमच्या लहानपणी गावात बंदूक एकाच भिंतीवर टांगलेली होती, ती पाटलाच्या. आमच्या दाराला कडीसुद्धा नव्हती. असा प्रश्न आमच्या घरात कुणाला पडणेच शक्य नव्हते. म्हणून कायद्याची पुस्तके काढून बसलो.

त्याच्या प्रश्नात दोन प्रश्न मिसळले आहेत. जीव वाचवण्यासाठी दुसऱ्याला इजा करण्याचा हक्क आहे काय, हा एक. बंदूक जवळ ठेवण्याचा हक्क आहे काय, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर होय असे आहे. दुसऱ्याचे नाही, तिथे परवाना लागतो.

पहिला हक्क १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम ९६ ते १०६ मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून तोच जवळजवळ जसाच्या तसा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आला आहे. हा हक्क माणसाचा आहे, हत्याराचा नाही. हातात वरवंटा असो, काठी असो की बंदूक, कसोटी एकच. आपले शरीर, दुसऱ्याचे शरीर आणि मालमत्ता यांच्या रक्षणासाठी तो वापरता येतो. हल्लेखोराचा जीव जाईपर्यंत मात्र ठराविक प्रसंगीच. मृत्यूची वा जबर दुखापतीची वाजवी भीती, बलात्कार, अपहरण, ॲसिडहल्ला हे प्रसंग कलम ३८ मध्ये आहेत. घरासाठी कलम ४१ पाहावे. जबरी चोरी, सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी केलेली घरफोडी, राहत्या जागेला आग लावणे, आणि प्राणाची वा जबर दुखापतीची भीती वाटावी अशा स्थितीत केलेली चोरी, नासधूस किंवा गृह-अतिक्रमण. आगीच्या बाबतीत कायदा इमारतीबरोबर तंबूही म्हणतो. पालावर राहणाऱ्या आपल्या भटक्या बांधवांनी हा शब्द लक्षात ठेवावा.

मर्यादा कलम ३७ मध्ये आहेत आणि माणसे अडकतात ती इथेच. पोलिसांची मदत घेण्याइतका वेळ असेल तर हा हक्क उरत नाही. गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही. भीती संपली की शरीराच्या बचावाचा हक्कही संपतो. वाकडच्या इमारतीत गॅलरीतून शिरलेला भुरटा चोर मोबाइल घेऊन जिना उतरून पळतो आहे आणि घरमालक वरून त्याच्या पाठीत गोळी घालतो, तर तो बचाव नव्हे. तो मनुष्यवध आहे. काल मारहाण करून गेलेल्याला आज गाठणे हाही बचाव नव्हे.

पण मर्यादा आहेत म्हणून पळून जावे असे कायदा सांगत नाही. दर्शनसिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले. शेतातल्या वादात बापावर धारदार हत्याराने हल्ला झाला आणि मुलाने गोळी झाडली. उच्च न्यायालयाने दिलेली शिक्षा रद्द होऊन तो सुटला. हल्ला चालू असताना माणसाने वार सोन्याच्या तराजूत तोलून करावेत, अशी अपेक्षा न्यायालये धरत नाहीत. बचावाची बाजू आरोपीला दाखवावी लागते, परंतु ती संभाव्य ठरली तरी पुरते.

मला थांबवले ते कलम ४४ ने. जमावाने जीव घेण्यासाठी हल्ला केला आहे, गोळी झाडल्याशिवाय सुटका नाही, आणि जमावात लहान मुलेही आहेत. अशा वेळी गोळी झाडून त्यांच्यापैकी एखाद्याला इजा झाली तरी तो गुन्हा नाही, असे उदाहरण खुद्द कायद्यातच दिले आहे, तेही १८६० पासून. मात्र त्याच इंग्रज सरकारने १८७८ च्या शस्त्र कायद्याने परवान्यावाचून हत्यार बाळगायला बंदी केली, आणि १८९० नंतर महारांची सैन्यभरतीही थांबवली. गोपाळबाबा वलंगकर आणि पुढे शिवराम जानबा कांबळे यांनी त्याविरुद्ध अर्ज केले. १९४१ साली महार बटालियन उभी राहिली. जमावाला तोंड देण्याचा हक्क कागदावर सर्वांना होता. जमाव कुणाच्या दारावर येतो आणि बंदूक कुणाच्या भिंतीवर असते, हे गावाला ठाऊक होते. २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांना जमावाने ठार मारले. तिथे पोलिसांची वाट पाहण्याइतका वेळ होता असे कोण म्हणेल?

मग बंदूक प्रत्येकाला का नको? संविधान सभेत डिसेंबर १९४८ मध्ये ह. वि. कामत यांनी शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घालण्याची सूचना आणली. बाबासाहेबांनी ती मान्य केली नाही. असा सरसकट हक्क चोर आणि सराईत गुन्हेगारांनाही मिळेल, आणि नागरिकाच्या बाबतीत आग्रह धरायचा तर शस्त्र धरण्याच्या हक्कापेक्षा कर्तव्याचा धरावा, असा त्यांचा रोख होता. आमच्या काही मित्रांना हे रुचत नाही. मला रुचते. जमिनीच्या पैशाबरोबर कमरेला पिस्तूल येते, हे आमच्या पट्ट्यात नवे नाही. बंदुका मोकळ्या झाल्या तर त्या आधी कुणाकडे जातील हे सांगायला ज्योतिषी नको.

परवाना १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली मिळतो. वाकडसारख्या ठिकाणी पोलीस आयुक्तांकडून, गावाकडे जिल्हादंडाधिकाऱ्यांकडून. विनापरवाना कट्ट्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन आणि कमाल पाच वर्षे कैद आहे. बचाव खरा ठरला तरी तो गुन्हा वेगळा उभा राहतो. त्याच अधिनियमाचे कलम १४ सांगते की पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येणार नाही.

आणि आपल्या कामाची तरतूद तर तिसरीकडेच आहे. अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा. त्याचे नियम १९९५ चे. त्यातला नियम ३ राज्य सरकारला अत्याचारप्रवण भाग निश्चित करायला लावतो. तिथे अनुसूचित जाती-जमातींबाहेरच्या व्यक्तींचे परवाने योग्य वाटल्यास रद्द करून हत्यारे सरकारी शस्त्रागारात जमा करावीत, बेकायदा हत्यारे जप्त करावीत, आणि आवश्यक वाटल्यास अनुसूचित जाती-जमातींच्या माणसांना परवाने द्यावेत, असे तो म्हणतो. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. आधी त्यांची बंदूक उतरवायची, मग गरज पडली तर आपल्या हाती द्यायची. आपल्या शिबिरांत या नियमातील नुकसानभरपाईचे तक्ते पाठ करून घेतले जातात. नियम ३ वर बोलताना मी फार थोड्यांना ऐकले आहे.

हे सारे त्या विद्यार्थ्याला सांगितले तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे कट्टा नको, अर्ज?" त्याच्या आवाजात थट्टा होती, आणि ती गैर नव्हती. तरी एका रविवारी त्याच्या चुलत्याच्या खोलीवर बसून आम्ही जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या नावे अर्ज लिहिला. धमक्यांच्या तारखा लिहिल्या, नियम ३ चा उल्लेख केला. पहिली मागणी समोरच्यांची हत्यारे जमा करण्याची, दुसरी वस्तीला पोलीस पहाऱ्याची, तिसरी दोन परवान्यांची. परवाना नाकारला तर कारणे लेखी मागायची आणि कलम १८ खाली अपील करायचे, हेही चुलत्यांनी वहीत उतरवून घेतले. पुढच्या आठवड्यात पोच मिळाल्याचे त्याने सांगितले. पोचेवर आवक क्रमांक आहे ना, एवढे मी विचारले. होता.