जुन्या जीप वाहनाची खरेदी (महाराष्ट्र)

जुन्या जीप वाहनाची खरेदी म्हणजे विलीज, फोर्ड किंवा त्यांच्या आराखड्यावर भारतात तयार झालेल्या महिंद्रा बनावटीच्या वापरलेल्या जीप गाडीचा व्यवहार. मूळ अमेरिकी आराखड्याची ही चारचाकी दुसऱ्या महायुद्धानंतर भारतात रुजली. तिची जुळणी प्रथम मुंबईत झाल्यामुळे महाराष्ट्रात अशा गाड्या मोठ्या संख्येने वापरात आल्या. रायगड जिल्ह्यातील पनवेल तालुक्यात असलेल्या तळोजा परिसरातील वाहनांची नोंदणी पनवेल येथील परिवहन कार्यालयात होते. या कार्यालयाचा संकेतांक एमएच-४६ आहे.

जुनी जीप विकत घेताना प्रत्यक्षात दोन गोष्टी विकत घेतल्या जातात: एक लोखंडी गाडी आणि दुसरी तिची कायदेशीर ओळख. गाडीतील यांत्रिक दोष बहुधा दुरुस्त करता येतात. चॅसिस क्रमांक, इंजिन क्रमांक आणि नोंदणी प्रमाणपत्र यांचा मेळ बसत नसेल, तर मात्र उत्तम स्थितीतील गाडीही रस्त्यावर आणणे अवघड होते.

पार्श्वभूमी

अमेरिकी सैन्याने १९४० मध्ये चारही चाकांना गती मिळणाऱ्या हलक्या टेहळणी वाहनाची मागणी नोंदवली. बँटम या छोट्या कंपनीने त्याचा पहिला नमुना तयार केला. पुढे मोठ्या प्रमाणावरील उत्पादन विलीज-ओव्हरलँड आणि फोर्ड या कंपन्यांकडे गेले. विलीजच्या गाडीला ‘एमबी’ आणि फोर्डच्या गाडीला ‘जीपीडब्ल्यू’ असे नाव होते. युद्ध संपेपर्यंत दोन्ही मिळून सहा लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. युद्धानंतर विलीजने नागरी वापरासाठी ‘सीजे’ ही मालिका सुरू केली.

भारतात १९४५ मध्ये जे. सी. महिंद्रा, के. सी. महिंद्रा आणि मलिक गुलाम मुहंमद यांनी ‘महिंद्रा अँड मुहंमद’ ही कंपनी स्थापन केली. फाळणीनंतर गुलाम मुहंमद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीचे नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ असे झाले. १९४९ मध्ये सुट्या भागांच्या स्वरूपात आलेल्या विलीज गाड्यांची जुळणी मुंबईतील माझगाव येथे करण्यात आली. पुढील दशकात टप्प्याटप्प्याने देशी उत्पादन सुरू झाले. अमेरिकेत ‘सीजे-३बी’ या प्रकाराचे उत्पादन १९६८ मध्ये थांबले. भारतात मात्र त्याच घडणीच्या गाड्या त्यानंतरही अनेक वर्षे बनत राहिल्या. २०१० मध्ये आलेली ‘थार’ ही याच परंपरेतील गाडी होय.

शासकीय खाती, पोलीस, वनविभाग, साखर कारखाने आणि ग्रामीण भागातील ‘वडाप’ वाहतूक या सर्वांनी जीप वापरली. त्यामुळे बाजारात येणाऱ्या जुन्या जीपचा पूर्वेतिहास गाडीगणिक वेगळा असतो.

प्रकार व ओळख

बोलीभाषेत अशा प्रत्येक गाडीला ‘विलीज’ म्हटले जाते. किमतीच्या व कागदपत्रांच्या दृष्टीने पुढील फरक महत्त्वाचे ठरतात.

युद्धकालीन गाडी: एमबी व जीपीडब्ल्यू या गाड्यांच्या पुढील दाबपत्र्याच्या जाळीत नऊ उभ्या फटी असतात आणि दिवे लहान व जाळीच्या आत बसवलेले असतात. मागे उघडणारी फळी नसते. विलीजच्या चॅसिसचा सर्वांत पुढचा आडवा दांडा गोल नळीचा असतो, तर फोर्डचा चौकोनी घडणीचा असतो. फोर्डच्या अनेक सुट्या भागांवर इंग्रजी ‘एफ’ हे अक्षर उमटवलेले आढळते. मूळ विद्युत यंत्रणा ६ व्होल्टची व सुकाणू डाव्या बाजूस असते.

नागरी अमेरिकी गाडी: सीजे मालिकेच्या जाळीत सात फटी, मोठे दिवे आणि मागे उघडणारी फळी असते.

भारतीय घडणीची गाडी: सीजे-३बी प्रकाराचे बॉनेट उंच असते. तिच्या ‘हरिकेन’ इंजिनात आत येणाऱ्या वायूच्या झडपा वरच्या भागात असल्याने इंजिनाची उंची वाढली आणि त्यासाठी बॉनेट उंच करावे लागले. भारतीय गाड्यांचे सुकाणू उजव्या बाजूस असते. भारतीय गाड्यांपैकी अनेक केवळ मागील दोन चाकांना गती देणाऱ्या आहेत. त्यामुळे ‘फोर बाय फोर’ असल्याचा दावा पुढील आसाखाली पाहूनच पडताळावा लागतो.

जोडकामाची गाडी: एका गाडीची चॅसिस, दुसरीचे इंजिन आणि नव्याने ठोकलेले पत्र्याचे अंग अशा रीतीनेही जीप तयार केल्या जातात. हरियाणातील मंडी डबवाली हे गाव उघड्या जीप तयार करण्याच्या व्यवसायासाठी ओळखले जाते. अशी गाडी दिसायला आकर्षक असली, तरी तिचे उत्पादन वर्ष नव्या पत्र्यावरून ठरत नाही. ते नोंदणीतील चॅसिस क्रमांकावरून ठरते.

यांत्रिक तपासणी

चॅसिस हा जीपचा कणा आहे. एमबी आणि सीजे-३बी या दोन्ही प्रकारांत पुढील व मागील आसांमधील अंतर ८० इंच, म्हणजे सुमारे २०३ सेंटिमीटर असते. हे अंतर दोन्ही बाजूंनी मोजपट्टीने मोजल्यास चॅसिस वाकलेली, कापलेली किंवा लांबवलेली असल्याचे लक्षात येते. पाट्यांच्या स्प्रिंगा जेथे चॅसिसला जोडल्या जातात तेथे तडे आणि वेल्डिंगच्या खुणा शोधल्या जातात.

कोकणातील चार महिन्यांचा पाऊस आणि खाडीकाठची दमट, खारट हवा यांमुळे पत्रा बाहेरून दिसतो त्यापेक्षा आतून अधिक गंजलेला असू शकतो. तळपत्रा, आसनाखालील पेट्रोलची टाकी, चाकांवरील पत्रे आणि चॅसिसच्या पोकळ दांड्यांचा आतील भाग येथे गंज प्रथम धरतो. जाड रंग किंवा लांबी भरलेली जागा लोहचुंबक लावून ओळखता येते. पत्रा शिल्लक नसल्यास चुंबक चिकटत नाही.

गाडी थंड असताना इंजिन सुरू करून पाहणे इष्ट असते, कारण गरम इंजिन सहज सुरू होते आणि दोष झाकले जातात. निळसर धूर हे इंजिन ऑइल जळत असल्याचे लक्षण आहे. गिअर व ट्रान्सफर केसमधून थोडी ऑइलगळती जुन्या जीपमध्ये सामान्य असते, परंतु गिअर आपोआप निसटणे हा खर्चिक दोष आहे. सुकाणूचा ढिलेपणा, विशिष्ट वेगाला पुढील चाके थरथरणे आणि ब्रेक लावताना गाडी एका बाजूस ओढणे या तीन गोष्टी सुरक्षिततेशी थेट संबंधित आहेत. पेट्रोल गाडीत इंधनाच्या जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा बदलून घेणे आवश्यक ठरते; २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमुळे जुने रबर लवकर खराब होते.

कागदपत्रे व नोंदणी

मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार खासगी वाहनाची नोंदणी १५ वर्षे वैध असते आणि त्यानंतर तपासणी करून ५ वर्षांसाठी नूतनीकरण करता येते. त्यासाठी नमुना २५ मध्ये अर्ज करावा लागतो. महाराष्ट्रात १५ वर्षांपेक्षा जुन्या खासगी वाहनांवर पर्यावरण कर आकारला जातो. नोंदणीची मुदत संपलेली गाडी ‘फक्त कागद नवे करायचे आहेत’ असे सांगून विकली जात असेल, तर नूतनीकरण विक्रेत्याकडून व्यवहारापूर्वी करून घेणे खरेदीदाराच्या हिताचे असते.

मालकी हस्तांतरणासाठी नमुना २९ व ३० वापरले जातात. गाडी दुसऱ्या राज्यातून आणल्यास मूळ कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र (नमुना २८) लागते. मूळ मालक मरण पावला असेल तर वारसांना नमुना ३१ भरावा लागतो. जाहीर लिलावातून घेतलेल्या वाहनासाठी नमुना ३२ असतो. सैन्याने निकाली काढलेल्या वाहनाच्या प्रथम नागरी नोंदणीसाठी संबंधित लष्करी अधिकाऱ्याचे मूळ विक्री प्रमाणपत्र (नमुना २१) आवश्यक असते. कर्ज काढून घेतलेल्या गाडीवरील बोजा नमुना ३५ द्वारे उतरवला जातो. वडापसाठी वापरलेली गाडी प्रवासी वाहन म्हणून नोंदलेली असेल, तर तिचा परवाना व कर यांचा हिशेब पूर्ण झाल्याची खात्री करावी लागते.

‘एमएच’ ही अक्षरे येण्यापूर्वीच्या क्रमांकाच्या गाड्यांची नोंद अनेकदा केवळ कागदी नोंदवहीत असते. ती संगणकीय ‘वाहन’ प्रणालीत चढवल्याशिवाय पुढील कोणतेही काम होत नाही. पेन्सिलने घेतलेला चॅसिस क्रमांकाचा ठसा प्रमाणपत्राशी अक्षरशः जुळला पाहिजे. क्रमांकाभोवती घासल्याच्या, नव्याने ठोकल्याच्या किंवा पट्टी जोडल्याच्या खुणा असतील, तर व्यवहार थांबवणे योग्य ठरते. गाडी चोरीची नाही याची पडताळणी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या ‘वाहन समन्वय’ सुविधेद्वारे करता येते.

बदल व विंटेज नोंदणी

अधिनियमाच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये के. जयचंद्र प्रकरणात हाच अर्थ स्पष्ट केला. मूळ पेट्रोल इंजिन काढून डिझेल इंजिन बसवलेल्या जीप देशभर आढळतात. प्रमाणपत्रात त्या बदलाची नोंद नसेल, तर नूतनीकरण अडू शकते.

जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत विंटेज वाहनांसाठी स्वतंत्र तरतूद झाली. प्रथम नोंदणीपासून ५० वर्षे पूर्ण झालेली व मूळ स्वरूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी तिला पात्र ठरते. नोंदणी शुल्क २०,००० रुपये, वैधता १० वर्षे आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे असतात. अशी गाडी प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, विंटेज रॅली यांसारख्या प्रसंगी रस्त्यावर आणता येते. नित्य वापरासाठी किंवा व्यवसायासाठी नाही. परिणामी बदललेल्या इंजिनाची जीप कितीही जुनी असली तरी या तरतुदीत बसत नाही, आणि रोज वापरायची जीप विंटेज म्हणून नोंदवणे सोयीचे ठरत नाही. कोणता मार्ग घ्यायचा हे खरेदीपूर्वीच ठरवावे लागते.

दायित्व व विमा

पैसे देऊन व किल्ली घेऊन व्यवहार पूर्ण होतो, ही समजूत चुकीची आहे. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात असे ठरवले की, गाडी हातोहात पुढे विकली गेली असली तरी ज्याचे नाव नोंदणीत आहे तोच अपघाताच्या भरपाईसाठी मालक मानला जाईल. म्हणून हस्तांतरण लवकर पूर्ण करणे विक्रेत्याच्याही हिताचे आहे. राज्यांतर्गत विक्रीत विक्रेत्याने १४ दिवसांत आणि खरेदीदाराने ३० दिवसांत परिवहन कार्यालयास कळवणे कायद्याने बंधनकारक आहे.

तृतीय पक्ष विमा सक्तीचा आहे. हस्तांतरणानंतर १४ दिवसांत विमा कंपनीकडे नावबदलासाठी अर्ज करावा लागतो. केवळ मुद्रांक कागदावरील विक्री करार किंवा सही केलेला कोरा नमुना यांच्या आधारे जीप वर्षानुवर्षे चालवली, तर अपघात, चोरी किंवा पुनर्विक्री या प्रत्येक प्रसंगी मालकीचा प्रश्न उभा राहतो. त्यामुळे जुन्या जीपच्या किमतीत गाडीच्या स्थितीबरोबरच तिच्या कागदपत्रांच्या पूर्णतेचाही मोठा वाटा असतो.