उतारावर लावलेली गाडी

गेल्या हिवाळ्यात आमची टाटा चारशेसात दीड महिना उतारावरच मुक्कामाला होती. गंगाखेडात गोदावरीच्या घाटाकडं जाणारे रस्ते उतरत जातात. त्यातल्या एका उताराच्या तोंडाशी वडील रात्री गाडी उभी करायचे आणि पुढच्या चाकाला दगड लावायचे. सकाळी दगड काढायचा, गाडी ढळू द्यायची आणि दुसऱ्या गिअरात क्लच सोडायचा. उठली तर उठली. उठली की फॅन बेल्ट असा किंचाळायचा की गल्लीतली माणसं दार उघडून बघायची. दहा-पंधरा मिनिटांनी आवाज आपोआप थांबायचा आणि मग दिवसभर गाडी मोंढ्यात तुरीची पोती वाहत फिरायची, जसं काही झालंच नाही.

सेल्फवर न उठणं आणि बेल्टचं किंचाळणं, या दोन तक्रारी आम्ही दोन ठिकाणी सांगितल्या. एका गॅरेजात बेल्ट नवा पडला. दुसरीकडं सेल्फ उघडून कार्बन बदलले गेले. तेवढ्यानं भागलं नाही म्हणून बॅटरीही नवी घेतली. बॅटरीनंतर तीन आठवडे बरे गेले आणि पुन्हा तेच. पैसे गेले याचं दुःख होतंच, पण सुगीच्या दिवसांत भाडं हातचं जातं तेव्हा माणूस गाडीवर चिडतो, घरात चिडतो. वडील तसे झाले होते.

शेवटी परळी रोडच्या एका शेडमधल्या चाचांकडं गेलो. डिझेलच्या कामात त्यांचे केस पांढरे झालेत. वडिलांनी सगळं सांगायला सुरुवात केली तर चाचांनी मधेच विचारलं, "दादा, आधी काय झालं? बेल्ट आधी वरडला का गाडी आधी उठंना झाली?"

हा प्रश्न तोवर कुणीही विचारला नव्हता. वडील बराच वेळ आठवत राहिले. म्हणाले, "आधी सकाळी उशीर लागायला लागला. दिवाळीच्या आसपास डिझेल फिल्टर बदलला, त्याच्यानंतर. वरडणं मागून आलं."

"मग गाडी आज इथंच राहू द्या. सपाटीला. रात्री कुणी हात लावू नका."

दुसऱ्या दिवशी साडेसहाला आम्ही शेडपुढं उभे होतो. परभणीच्या कृषी विद्यापीठातल्या वेधशाळेचा एक आकडी पारा डिसेंबर-जानेवारीत पेपरात छापून येतो, तसल्याच थंडीतली सकाळ. चाचांनी बॉनेट उघडलंसुद्धा नाही. मला म्हणाले, "सेल्फ मार," आणि स्वतः सायलेन्सरच्या मागं जाऊन उभे राहिले. सेल्फ जड फिरला, घर्र घर्र घर्र. धूर नाही. दुसऱ्यांदा मारला, तरी नाही. चौथ्या वेळी पांढरा धूर निघाला आणि तोवर सेल्फ आणखी जड झाला होता.

"दोन दुखणी आहेत," ते म्हणाले. धूरच नाही म्हणजे नोझलपर्यंत डिझेल पोचलेलंच नाही. पांढरा धूर म्हणजे डिझेल पोचलं, पण पेटलं नाही.

इथं डिझेल इंजिनाचं मर्म आहे. रुडॉल्फ डिझेलनं १८९७ साली आपलं इंजिन यशस्वी चालवून दाखवलं, त्यात ठिणगी नव्हती. आजही नाही. पिस्टन हवा सतरा-अठरा पट दाबतो, त्या दाबानंच हवा पाचशे अंशांच्या पुढं तापते आणि तिच्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेट घेतं. मात्र इंजिन जोरात फिरलं तरच. हळू फिरलं तर तयार झालेली उष्णता गार सिलिंडरच्या भिंती शोषून घेतात आणि दाबलेली हवा रिंगांच्या फटींतून निसटते. टाटांनी १९८६ साली बाजारात आणलेल्या चारशेसातचं जुनं इंजिन साधं आणि टणक आहे. आमच्या गाडीला हीटर प्लग नाही. थंडीत तिला मदत एकच, सेल्फचा जोर.

आधी डिझेल न पोचण्याचं. रात्रभर उभ्या गाडीतलं डिझेल परत टाकीकडं उतरत होतं, याचा अर्थ कुठून तरी हवा शिरत होती. आम्ही रोज गाडीखाली वाकून बघायचो, डिझेलचा थेंबही नसायचा. चाचा म्हणाले, "थेंब दिसणारच नाही. टाकीपासून फीड पंपापर्यंत पाइप चोखतो. तिथं बारीक फट असली तर बाहेर काही येत नाही, बाहेरची हवा आत जाते." त्यांनी फीड पंपाच्या तोंडाला वीतभर पारदर्शक नळी जोडली आणि हँड पंप मारायला लावला. पिवळसर डिझेलमधून साबुदाण्याएवढे बुडबुडे एकामागून एक सरकताना दिसले. मी तो नळीचा तुकडा बघतच राहिलो. दीड महिना जे आम्ही भांडणात शोधत होतो ते डोळ्यांपुढनं चाललं होतं.

फट सापडली फीड पंपाच्या बँजो बोल्टखाली. फिल्टर बदलताना कुणी तरी तो बोल्ट उघडला होता आणि तांब्याचा जुनाच वायसर परत लावला होता. एकदा दाबला गेलेला तांब्याचा वायसर कडक होतो, दुसऱ्यांदा नीट बसत नाही. नवा मिळेपर्यंत चाचांनी तोच चिमट्यात धरून गॅसच्या ज्योतीवर लालबुंद केला आणि पाण्यात टाकला. चर्र झालं. पोलाद असं विझवलं की कडक होतं, तांबं मऊ पडतं. दोन्ही बाजू बारीक पॉलिश पेपरवर घासून त्यांनी तो बसवला, फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हँड पंपानं हवा काढली. आधी फेस आला, मग सलग धार. बुडबुडे बंद.

आता सेल्फचं जडपण. मीटरवर बॅटरी उभ्यानं १२.३ व्होल्ट दाखवत होती. नव्या बॅटरीनं पूर्ण भरल्यावर १२.६ दाखवायला हवेत. मग मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी थेट इंजिनच्या ब्लॉकला धरून सेल्फ मारायला सांगितला. तिथं जवळपास काहीच यायला नको, १.४ व्होल्ट आले. म्हणजे सेल्फला मिळणाऱ्या जोरातला तेवढा अर्थिंगच्या वाटेतच जिरत होता. अर्थिंगची पट्टी उघडली तर खाली चेसिसला गंज आणि रंगाचा थर. घासून चकचकीत केली, ग्रीस लावून आवळली.

आणि बेल्ट. मला वाटलं चाचा ताण बघतील. ताण बरोबर होता, अंगठ्यानं दाबला तर अर्ध्या पेराएवढा आत जात होता. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक डायनामोच्या बेअरिंगवर आणि मूठ कानाला लावून त्यांनी ऐकलं, मग वॉटर बॉडीवर. (अल्टरनेटरला इथं सगळे डायनामोच म्हणतात, वॉटर पंपाला वॉटर बॉडी.) दोन्ही बेअरिंग गुळगुळीत. मग इंजिन बंद करून बेल्ट उतरवला आणि मला म्हणाले, "पुलीच्या खाचेत बघ. काय चमकायलंय?"

खाचेचा तळ चमकत होता, आरशासारखा. हा बेल्ट खाचेच्या दोन गालांत पाचरीसारखा बसून ओढतो, तळाला त्यानं टेकायचंच नसतं. चांगल्या पुलीचा तळ मळकट असतो आणि गाल चकाकतात. आमच्या डायनामोच्या पुलीचे गाल झिजून रुंद झाले होते, म्हणून नवा बेल्टही खाली बसून घसरत होता. असल्या बेल्टला कुणी साबण लावतं, कुणी राळ. चार दिवस आवाज दबतो आणि बेल्टची वाट लागते.

मग सगळं चक्र उलगडलं. हवेमुळं सकाळी सेल्फ दहा वेळा मारावा लागायचा. त्यात बॅटरी उतरायची. गाडी उठली की उतरलेली बॅटरी भरायला डायनामोवर पूर्ण भार यायचा, जड झालेला डायनामो झिजलेल्या पुलीवर बेल्टला ओरडायला लावायचा आणि घसरणाऱ्या बेल्टमुळं बॅटरी अर्धवट भरायची. दुसऱ्या सकाळी सेल्फ आणखी जड. दहा-पंधरा मिनिटांनी आवाज थांबायचा तो भार हलका झाला म्हणून. त्याला आम्ही बरं होणं समजत होतो. बेल्ट, कार्बन, बॅटरी बदलणारे कुणीही चोर नव्हते. प्रत्येकानं आपल्यापुढं आलेला तुकडा दुरुस्त केला.

पुली परभणीहून आली, दुपारी बसली. चालू इंजिनावर मीटरनं १४.१ दाखवले. बेल्ट गप्प होता. चाचांनी वडिलांना जुनी पुली हातात दिली आणि नवे चार वायसर कागदाच्या पुडीत बांधून दिले, "फिल्टर बदलाल तेव्हा जुना परत लावू नका, हेच लावा."

त्या रात्री वडिलांनी गाडी घरापुढच्या सपाट जागेत लावली. दगड उचलून बाजूला ठेवला, थोडा वेळ तिथंच उभे राहिले, आणि मग तो परत चाकाखाली सरकवून आत आले.