एका चिलमीत दोन व्यसनं

भांग चढायला तासभर लागतो. गांज्याचा धूर काही मिनिटांत मेंदू गाठतो, म्हणून सवयही लवकर जडते. अमरावती-अकोल्याकडे चिलमीत वा सिगारेटीत गांज्यासोबत अनेकदा तंबाखू असतो. तिथेच खरी गोम आहे: निकोटिनचंही व्यसन लागतं आणि सोडताना दोन्हींचा त्रास एकदम होतो. रोज ओढणाऱ्याला सोडल्यावर एक-दोन दिवसांतच चिडचिड, निद्रानाश, घाम, भूक मरणं सुरू होतं. पहिल्या आठवड्यात ते सर्वाधिक असतं, दोन-तीन आठवड्यांत ओसरतं. झोप मात्र सावकाश सुधारते. घरच्यांनी याला नाटक समजू नये. उपचारांसाठी अमरावतीचं इर्विन, अकोल्याचं सर्वोपचार रुग्णालय गाठावं. मोफत राष्ट्रीय हेल्पलाइन: १४४४६.