निळी खूण आधी शोधा

कोरड्या मुलखाचा नकाशा हाती आला, की माझी नजर आधी निळ्या रंगाकडे जाते. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या जुन्या नकाशांत रंगांची वाटणी सरळ असे. तपकिरी रेषा म्हणजे जमिनीचे चढउतार. त्या दाटल्या की कडा समजावा, विरळ झाल्या की माळ. काळं ते माणसानं केलेलं: रस्ता, घर, शाळा. निळं ते पाणी.

ॲरिझोना राज्यात, ग्रँड कॅन्यनच्या उत्तरेला, ‘ॲरिझोना स्ट्रिप’ नावाचा ओसाड पट्टा आहे. तिथला जुना धंदा गुरं पाळण्याचा. नकाशावर निळा रंग फार थोडा. त्यामुळे ज्याच्या ताब्यात झरा, त्याच्याच हाती भोवतालची मैलोगणती कुरणं.

पुढे या खात्याचे प्रमुख झालेले जॉन वेस्ली पॉवेल यांनी हे ओळखलं होतं. १८७८च्या अहवालात त्यांनी बजावलं, की अशा मुलखात १६० एकरांचे चौकोन पाडून भागणार नाही. गुरं पाळणाऱ्या कुटुंबाला निदान २,५६० एकर हवेत आणि हद्दी पाणी बघून आखाव्यात. ते मानलं गेलं नाही. १९१६च्या कायद्यानं ६४० एकर देऊ केले. त्याच सुमारास स्ट्रिपवरच्या माउंट ट्रंबल इथं माणसं वसली, त्यांनी शाळाही बांधली. पण पाणी पुरेना, तशी एकेक घरं उठून गेली.

कविता लिहिणारा माणूस नावापाशी अंमळ थांबतो. नकाशावरचं ‘पाइप स्प्रिंग’ हे नाव मॉर्मन पंथाच्या लोकांनी दिलेलं. त्यांच्या आधी पायूट लोकांच्या कितीतरी पिढ्या याच झऱ्यावर जगल्या. १८७०नंतर मॉर्मनांनी झऱ्यावरच दगडी गढी बांधली, गुरांचे कळप आणले आणि पायूट आपल्याच पाण्याला पारखे झाले. १९३०च्या दशकात सरकारनं पाण्याचे वाटे केले, तेव्हा कुठं एक वाटा पायूटांना मिळाला. यातलं काहीच त्या निळ्या खुणेवरून कळत नाही.

१८८४पासूनचे हे नकाशे २०११पासून संगणकावर कुणालाही मोफत पाहता येतात. पाहाल तेव्हा निळी खूण शोधा, तिचं नाव वाचा आणि ते नाव पडण्याआधी तिथं कोण ओंजळ धरत होतं, हेही विचारा.